मागे पडणाऱ्यांची शर्यत

शर्यतीचा मूळ स्वभाव कठोर असतो. मोटारींच्या शर्यतीत जो आरंभीच पुढे निघतो त्याच्यासमोर मोकळा रस्ता असतो, आणि जो मागे राहतो त्याला गर्दीतून, इतरांनी उडवलेल्या धुळीतून वाट काढावी लागते. त्यामुळे पुढच्याची आघाडी वाढत जाते, मागच्याचा तोटा साचत जातो आणि अंतिम रेषा यायच्या कितीतरी आधी निकाल ठरून गेलेला असतो. व्हिडिओ गेमच्या दुनियेत ‘कार्ट रेसिंग’ नावाचा जो प्रकार १९९२ पासून आजवर टिकून आहे, त्याने शर्यतीतला वेग, वळणे, धक्काबुक्की आणि ईर्षा हे सगळे ठेवून घेतले आणि आधीच ठरलेला निकाल तेवढा काढून टाकला. कार्ट म्हणजे जमिनीलगत बसणारी, एका माणसापुरती उघडी गाडी. या खेळांत अशा गाड्यांतून चित्रविचित्र पात्रे धावतात, वाटेत तरंगणारे बुडबुडे किंवा पेट्या फोडून ‘पॉवर-अप’, म्हणजे तात्पुरती शक्ती किंवा शस्त्र, मिळवतात आणि ते एकमेकांवर वापरत पुढे सरकतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सान राफाएल येथे असलेल्या ‘वेक्टर युनिट’ या छोट्या कंपनीने २०१४ मध्ये आणलेला ‘बीच बगी रेसिंग’ हा या प्रकारातला एक रंगीबेरंगी नमुना. त्यात डांबरी रस्ता जवळजवळ नाहीच; समुद्राची वाळू, डायनासोर फिरतात अशी रानावने, लाव्हा ओकणारे ज्वालामुखी आणि दलदल यांतून पंधरा ट्रॅक काढलेले आहेत, पॉवर-अपची संख्या पंचवीसच्या आसपास आहे, आणि प्रत्येक चालकाला इतरांपेक्षा वेगळी अशी एक खास शक्ती दिलेली आहे. २०१८ मध्ये त्याचा दुसरा भाग आला. केवळ गूगलच्या प्ले स्टोअरवरच पहिल्या भागाच्या डाउनलोडने दहा कोटींचा टप्पा ओलांडलेला असल्याने हा खेळ फुटकळ म्हणून बाजूला सारता येत नाही, आणि त्याची गोडी नेमकी कशात आहे हा प्रश्न विचारण्याजोगा ठरतो.

या खेळात दोन वाहनांची कुळे एकत्र आली आहेत आणि दोन्हींचे मूळ दक्षिण कॅलिफोर्नियात सापडते. त्यांपैकी कार्टची कथा थोडक्यात सांगता येते. शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात काम करणाऱ्या आर्ट इंगल्स यांनी १९५६ मध्ये लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे शिल्लक पडलेले इंजिन चढवले, आणि धक्के शोषणारी कोणतीही यंत्रणा नसलेली ती गाडी पाहता पाहता हौशी लोकांचे आवडते वाहन झाली. पुढे फॉर्म्युला वनच्या कित्येक चालकांची पहिली शाळा तीच ठरली. महाराष्ट्रातही कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकवर कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झालेल्या आहेत. कार्टला मात्र गुळगुळीत जमीन लागते. खडबडीत वाटेवर ती निरुपयोगी असते.

वाळूवर धावणारी बगी हे दुसरे कुळ, आणि त्याची हकीकत अधिक रंजक आहे. न्यूपोर्ट बीच येथे राहणारे ब्रूस मेयर्स हे होड्या बांधण्याच्या व्यवसायातून आलेले गृहस्थ होते. फायबरग्लास, म्हणजे काचेच्या तंतूंना राळेत भिजवून घडवलेला हलका व चिवट पदार्थ, ते होड्यांसाठी वापरतच होते. १९६४ मध्ये त्यांनी त्याच पदार्थाची, फुगीर चाकपंखांची, बिनदाराची आणि बिनछताची एक गाडी घडवली व तिला फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीचे भाग जोडले. बीटलचे इंजिन मागच्या बाजूला, गाडीला ढकलणाऱ्या चाकांच्या वरच येत असल्याने वाळूत त्या चाकांची पकड टिकत असे, आणि ते हवेने थंड होणारे असल्याने वाळवंटात रेडिएटरच्या पाण्याची काळजी उरत नसे. ‘मेयर्स मँक्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या बगीतून मेयर्स आणि टेड मँगेल्स यांनी १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पावरचा ला पाझ ते तिहुआना हा सुमारे दीड हजार किलोमीटरचा ओसाड प्रवास पस्तीस तासांच्या आत पुरा केला व मोटारसायकलस्वारांचा आधीचा विक्रम मोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या मार्गावर रीतसर शर्यत भरवली गेली, तीही मँक्सनेच जिंकली, आणि पुढे ‘बाहा १०००’ या नावाने ती जगभर गाजली. मेयर्स यांना या लोकप्रियतेचा आर्थिक लाभ फारसा झाला नाही, कारण त्यांनी सहा हजारांच्या घरात सुटे संच विकले तर नक्कल करणाऱ्यांनी त्याच्या कितीतरी पट, आणि पेटंटचा दावाही न्यायालयात टिकला नाही.

बगीच्या या लाटेचे परिणाम वाळूला भोगावे लागले. टेकड्यांवरची विरळ वनस्पती चाकांखाली चिरडली गेली की वाळू मोकळी होते आणि टेकडी सरकू लागते, शिवाय प्राण्यांची बिळे आणि घरटी नष्ट होतात. या तक्रारी इतक्या वाढल्या की १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी सार्वजनिक जमिनीवर अशा वाहनांना आळा घालणारा आदेश काढला. कोकणात वेळाससारख्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे वाळूतच अंडी घालतात हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला त्या आदेशामागची निकड वेगळी सांगावी लागत नाही. पडद्यावरची वाळू कितीही वेळा तुडवली तरी पुढच्या फेरीला जशीच्या तशी असते. खऱ्या किनाऱ्यावर जे सुख आता बऱ्याच ठिकाणी निषिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे, ते सुख खेळाने निरुपद्रवी करून परत दिले; बगीच्या खेळांच्या आकर्षणाचा हा भाग सहसा लक्षात घेतला जात नाही.

कार्ट रेसिंग हा खेळप्रकार मात्र कॅलिफोर्नियात जन्मलेला नाही. तो जपानमध्ये, क्योतो येथील निन्टेन्डो कंपनीत, एका अडचणीतून जन्माला आला. १९९० मध्ये कंपनीने ‘एफ-झिरो’ हा भविष्यकालीन वाहनांच्या शर्यतीचा वेगवान खेळ काढला होता. तो एकट्याने खेळायचा होता, आणि तसाच खेळ दोघांना एकाच वेळी खेळता यावा म्हणून शिगेरू मियामोतो यांच्या देखरेखीखाली तादाशी सुगियामा आणि हिदेकी कोन्नो हे प्रयत्न करत होते. दोघांसाठी पडदा आडवा विभागला की यंत्राला तेच दृश्य दोनदा काढावे लागते, आणि त्या काळच्या यंत्रात लांबलचक सरळ रस्त्यांवरचा तो वेग दोनदा काढण्याची ताकद नव्हती. म्हणून रस्ता आखडून वळणावळणांचा झाला, वेग उतरला, आणि अशा आटोपशीर ट्रॅकला शोभेल असे वाहन म्हणून कार्ट निवडले गेले. मारिओ हे निन्टेन्डोचे सुप्रसिद्ध पात्र गाडीत बसले ते त्यानंतर. यंत्राकडे ‘मोड ७’ नावाची एक सोय होती, जिच्यात सपाट चित्र फिरवून व लहानमोठे करून जमीन दूरवर पसरल्याचा भास घडवता येई. त्यामुळे ‘सुपर मारिओ कार्ट’चे १९९२ चे वीसही ट्रॅक सतरंजीसारखे सपाट होते. त्या सपाट जमिनीवर शेजारी बसलेल्या दोन माणसांची गाठ पडत असे, आणि खेळाचे पुढचे सारे गुणधर्म या शेजारी बसण्यातून आलेले आहेत.

शेजारी बसलेल्या दोघांत एक जण सराईत आणि दुसरा नवखा असणे हेच घरोघरचे वास्तव असते. निव्वळ कौशल्याच्या खेळात नवखा दोन डावांत कंटाळतो आणि मग सराईतालाही खेळायला कोणी उरत नाही. यावरचा उपाय पॉवर-अपच्या वाटपात दडवलेला आहे. पेटी फोडल्यावर काय मिळेल हे नशिबावर सोडलेले दिसते, परंतु ते नशीब सर्वांना सारखे नसते: जो पुढे आहे त्याला साधेसे साधन आणि जो शेवटी आहे त्याला झंझावाती वेग किंवा सर्वांना एकदम घायाळ करणारे अस्त्र मिळण्याची शक्यता अधिक ठेवलेली असते. १९९६ च्या ‘मारिओ कार्ट ६४’मध्ये आलेले काटेरी निळे कवच हे या तत्त्वाचे टोक होय, ते मागच्यांच्या हाती येते आणि पहिल्या क्रमांकावरच्या गाडीला शोधत जाते. ‘रबर-बँडिंग’ नावाची दुसरी युक्तीही याच घराण्यातली असून तिच्यात संगणकाने चालवलेल्या प्रतिस्पर्धी गाड्या माणसाच्या गाडीला जणू ताणलेल्या रबराने बांधलेल्या असतात, म्हणजे माणूस मागे पडला की त्या किंचित मंदावतात आणि तो पुढे सुटला की त्यांचा वेग गुपचूप वाढतो.

अशा रचनेवर अन्यायाचा आरोप होतो, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. तीन फेऱ्या बिनचूक चालवलेल्या खेळाडूला अंतिम रेषेच्या काही हात अलीकडे निळे कवच उडवते तेव्हा त्याचा संताप समजण्यासारखा असतो. काही चतुर खेळाडूंनी तर नियमच उलटा वापरायला घेतला: ते जाणूनबुजून मागे रेंगाळतात, उत्तम पॉवर-अप पदरात पाडून घेतात आणि शेवटच्या फेरीत मुसंडी मारतात. तरीही आरोप करणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही. ज्या खेळात केवळ फासा बोलतो, त्या साप-शिडीत सराईत आणि नवखा हा भेदच उरत नाही. कार्ट रेसिंगमध्ये तो उरतो, फक्त त्याचे ठिकाण बदलते. केव्हा पॉवर-अप वापरायचा आणि केव्हा मागून येणाऱ्यासाठी राखून ठेवायचा, वळणावर ‘ड्रिफ्ट’ म्हणजे मागची चाके मुद्दाम घसरवून गाडी तिरकी कधी घालायची, नेमक्या कोणत्या क्षणी दुसऱ्याच्या मागे राहणे सुरक्षित, हे सारे शिकावे लागते, आणि दहा शर्यतींचा हिशेब मांडला तर चांगला खेळाडूच बहुधा वर असतो. एका शर्यतीपुरते मात्र काहीही घडू शकते, आणि नवख्याला पुढच्या डावाला बसवण्यासाठी तेवढी शक्यता पुरेशी असते. रेअर कंपनीचा ‘डिडी काँग रेसिंग’ (१९९७) आणि नॉटी डॉगचा ‘क्रॅश टीम रेसिंग’ (१९९९) यांनी या चौकटीत पुष्कळ भर घातली, पहिल्याने विमाने व पाण्यावर चालणारी वाहने आणली, दुसऱ्याने ड्रिफ्टला विलक्षण बारकावा दिला. चौकट तीच राहिली.

वेक्टर युनिटच्या मंडळींचे वेगळेपण जमिनीच्या हाताळणीत आहे, आणि ते पाण्यातून आलेले आहे असे म्हटले तर ते शब्दशः खरे ठरेल. राल्फ नोसेल आणि मॅट स्मॉल यांनी स्थापन केलेल्या या कंपनीचे २०१० मधले नाव मिळवणारे काम ‘हायड्रो थंडर हरिकेन’ हे वेगवान होड्यांच्या शर्यतीचे होते, आणि पुढच्याच वर्षी तिने मोबाइलसाठी ‘रिपटाइड जीपी’ हा पाण्यावरचाच खेळ काढला. पाण्याच्या शर्यतीत रस्त्याचा पृष्ठभाग स्थिर नसतो. लाटेवर नाव उचलली जाते, हवेत जाते, आपटते, आणि खेळाडूला क्षणोक्षणी तोल सावरावा लागतो. त्या सवयीचे हात बगीच्या खेळाकडे वळल्याचे ट्रॅक पाहताच जाणवते. इथली जमीन सतत वरखाली होते, गाडी उंचवट्यावरून उडते आणि मऊ स्प्रिंगवर बसल्यासारखी उतरते. आणि गुरुत्वाकर्षणाला खऱ्या बगीत कधी न मिळणारी अशी सवलत दिलेली असल्यामुळे उलटून पडण्याचे भय राहत नाही. डांबरी ट्रॅकच्या खेळात रस्त्याची कड ही शिक्षेची रेषा असते, ती ओलांडली की वेग गेला. बगीच्या खेळात कडेपलीकडे झाडीमागून जाणारा आडवाटेचा लहान रस्ता असू शकतो, आणि तो चुकून सापडण्याचा आनंद शर्यत जिंकण्याहून फार कमी नसतो.

या खेळाच्या गोडीत मोबाइलच्या मर्यादांचाही वाटा आहे. काचेच्या पडद्यावर बोटाला चाचपता येईल असे बटण नसते, म्हणून वेग वाढवण्याचे काम खेळाने स्वतःकडे घेतले: गाडी आपसूक धावते आणि खेळाडूकडे फोन डावी-उजवीकडे कलवून किंवा पडद्याला स्पर्श करून वळवणे, ब्रेक लावणे आणि पॉवर-अप सोडणे एवढेच उरते. त्यामुळे चारपाच वर्षांचे मूलही पहिल्या शर्यतीत अंतिम रेषेपर्यंत पोहोचते. भडक रंगांचे कारणही बरेचसे याच मर्यादेत आहे. तळहाताएवढ्या पडद्यावर, दिवसाच्या उजेडात, वेगाने सरकणाऱ्या दृश्यात काय टाळायचे आणि काय वेचायचे हे पापणी लवायच्या आत कळावे लागते. वाळूचा पिवळा, पानांचा हिरवा आणि समुद्राचा निळा ही पार्श्वभूमी ठरवून दिली की तिच्यावर उठून दिसणारा बुडबुडा किंवा पसरलेले काळे तेल वाचायला वेळ लागत नाही. सुंदर दिसणे हा त्या रंगांचा दुय्यम हेतू आहे.

त्या दृश्यांतले बेट कोणत्याही नकाशात सापडणार नाही, परंतु त्याचा इतिहास सापडतो. खेळात जागोजागी दिसणारे, मोठ्या दातांचे आणि वटारलेल्या डोळ्यांचे लाकडी मुखवटे ‘टिकी’ म्हणून ओळखले जातात. मूळ टिकी म्हणजे न्यूझीलंडच्या माओरी आणि मार्केसास बेटांवरच्या लोकांच्या परंपरेतील आद्य पुरुष किंवा पूर्वज व त्याची कोरीव मूर्ती. तिला धार्मिक स्थान होते. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात, हॉलिवूडमधील ‘डॉन द बीचकोंबर’ आणि ओकलंडमधील व्हिक्टर बर्जरॉन यांचे ‘ट्रेडर विक्स’ अशा मद्यालयांनी बांबू, झावळ्या आणि या मूर्ती यांची सजावट करून दक्षिण समुद्राचे एक स्वप्न विकायला काढले. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील बेटांवर लढून परतलेल्या सैनिकांमुळे त्या स्वप्नाला गिऱ्हाईक वाढले, १९५९ मध्ये हवाई हे अमेरिकेचे राज्य झाले तेव्हा ते कळसाला पोहोचले, आणि मग ओसरले. ओकलंडपासून खाडीपलीकडे काही मैलांवरच असलेल्या कंपनीच्या खेळात तेच बेट पुन्हा उगवावे यात आश्चर्य नाही. कोणाच्या तरी पूर्वजांची मूर्ती येथे ट्रॅकची शोभा झाली आहे, हे निर्मात्यांच्या मनात दुष्टपणा नसतानाही खटकणारे आहे, आणि प्रशांत महासागरातील समाजांतून या सजावटीवर टीकाही होत आलेली आहे. भारतीय मुलाला मात्र त्या मुखवट्यात प्रशांत महासागर दिसत नाही. त्याच्या लेखी तो केवळ बागुलबुवा असतो.

भारतात या खेळाला जी जागा मिळाली तिचे एक कारण अगदी साधे आहे: तो नेटशिवाय चालतो. तो आला तेव्हा स्वस्त अँड्रॉइड फोन घराघरात पोहोचू लागले होते, पण सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त व्हायला अजून दोन वर्षे होती. एकदा उतरवून घेतलेला, फार जागा न खाणारा आणि मोफत असा खेळ त्या दोन वर्षांत फोन मोठ्यांचा आणि खेळणारे हात अनेक अशा घरांना सोयीचा होता. टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर पडद्याचे चार भाग करून चौघांना एकत्र खेळण्याची सोय या खेळात आहे. आपल्याकडच्या फोनवर ‘माझी शर्यत संपली, आता तुझी’ असा पाळीचा खेळ झाला, आणि ज्याची पाळी नाही त्याने कानाशी सूचना करायच्या हा नियम कोणत्याही कंपनीने घालून दिलेला नव्हता.

मोफत खेळाची किंमत मात्र कोठे तरी वसूल होते, आणि या खेळाच्या आकर्षणातली खरी विसंगती तिथेच आहे. शर्यतीतून नाणी मिळतात, नाण्यांनी गाडीचा वेग, पकड आणि ताकद वाढवता येते, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत गाडी ‘अपग्रेड’ होते, आणि दुर्मिळ गोष्टींसाठी लागणारी रत्ने खऱ्या पैशांनीही विकत घेता येतात. पुढच्या टप्प्यांवर प्रतिस्पर्धी इतके वेगवान होतात की अपग्रेड न केलेल्या गाडीने कितीही कौशल्य दाखवले तरी जिंकणे अवघड होऊन बसते. मग जुन्याच शर्यती पुन्हा पुन्हा धावून नाणी साठवायची किंवा पैसे मोजायचे एवढेच मार्ग राहतात. दुसऱ्या भागात तर गाड्या, चालक आणि पॉवर-अप हे सगळेच जमवायचे आणि वाढवत न्यायचे संग्रह झाले आहेत. शर्यत चालू असताना जो खेळ मागच्याला हात देतो, तोच खेळ शर्यत संपल्यावर मागच्याकडून मोल मागतो. १९९२ मध्ये शेजारी बसलेल्या नवख्याला यंत्राने जी सवलत फुकट दिली होती, तिच्या नेमकी उलटी ही व्यवस्था आहे. छोट्या कंपनीलाही पगार द्यायचे असतात हे मान्य करूनही ती खेळाच्या मूळ वृत्तीला विजोड आहे, असेच म्हणावे लागते.

निन्टेन्डोची गोष्ट निराळी, कारण ती यंत्र आणि खेळ दोन्हींची भरभक्कम किंमत आधीच घेते. जून २०२५ मध्ये तिने आणलेल्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’मध्ये एका शर्यतीत २४ गाड्या धावतात आणि ट्रॅकच्या बाहेरची कुरणे, डोंगर व समुद्रही हिंडायला मोकळे आहेत, म्हणजे ज्या आडवाटेचे बगीच्या खेळांना पहिल्यापासून कौतुक होते ती आता मुख्य रस्त्यात आली. वेक्टर युनिटनेही २०२१ मध्ये दुसऱ्या भागाची ‘आयलंड अ‍ॅडव्हेंचर’ ही आवृत्ती टीव्हीला जोडायच्या यंत्रांसाठी काढली, जी एकरकमी किंमत देऊन विकत घ्यायची असते आणि जिच्यात एकाच पडद्यावर चौघे बसू शकतात. फोनवरच्या मोफत भागाशी ती ताडून पाहिली तर वाळू तीच, मुखवटे तेच, अंगावर येणारे अग्निगोळेही तेच. फक्त हरलेल्याला दुकानात जाऊन काही घ्यायचे नसते, आणि तो लगेच पुढच्या शर्यतीला उभा राहतो.